प्रेसमधला भाडेकरू

अरे, बोरिवलीत आम्हाला खोली कशी मिळाली ते ऐका. बायकोला आठवा महिना, जुना मालक घर सोडा म्हणून मागे लागलेला, आणि पत्रकार म्हटलं की लोक दारच लावून घ्यायचे. खोली बळकावेन म्हणे मी!

आमचे एजंट सावंत मुरलेले. बायको आणि मी त्यांच्या मागोमाग जिना चढत असताना म्हणाले, "साहेब, आत तुम्ही गप्प. मी बोलतो."

मालक काकांना त्यांनी सांगितलं, "हे प्रेसमध्ये आहेत."

काकांनी माझा चुरगळलेला शर्ट न्याहाळला. "इस्त्रीचं दुकान? मग स्वतःचा शर्ट असा का?"

माझं डोकंच फिरलं. "बातमीदार आहे मी! लपवायला चोर आहे का?"

काका उठलेच. "सावंत, पत्रकार नको म्हटलं होतं ना? हे लोक खोली सोडत नाहीत."

"अहो काका, ह्यांच्या बरोबरीचे सरकारी कोट्यातून फ्लॅट घेऊन बसले. ह्या माणसाला मंत्र्यांशी भांडण्याच्या नादात साधी एक खोली मिळवता आली नाही. हा तुमची काय बळकावणार?"

काका हसले आणि त्यांनी किल्ली पुढे केली. मी सावंतांना चांगलं सुनावायला तोंड उघडलं, तोवर बायकोने किल्ली घेऊन कमरेला खोचलीसुद्धा.