विमलनं नकार दिलाच का?

...आणि वर पुन्हा लोक म्हणणार, पोरीला एवढं शिकवून काय मिळवलं? अहो, शिकवलं म्हणून भानगड नाही झाली, पोरगी बसत नव्हती म्हणून झाली! तुम्हाला सांगतो, माणूस पुस्तक वाचतो म्हणजे काय करतो? बसतो. टेकतो. फार तर लोळतो. हिचं तसं नाही. ही ज्योत्स्ना, आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या सावळीरामची थोरली, एम. ए. इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला... विटेएवढी जाड कादंबरी डोळ्यांसमोर धरून गच्चीवर येरझाऱ्या घालायची. वाळत घातलेल्या कुरडया तुडवत! खालून आई, आक्काबाई, ओरडतेय, "ज्योते, कुरडया!" आणि वरून उत्तर काय? "आई, तो दारापर्यंत आला आणि तसाच परत गेला गं!"

कोण आला? कोणाच्या दारी? सगळी कॉलनी खिडकीत!

आता कॉलनीला काय माहीत, तो येऊन गेलेला माणूस दीडशे वर्षांपूर्वीचा, विलायतेतला, कॉर्नेलियस नावाचा! कादंबरी अभ्यासाला होती. क्लासिक म्हणे. क्लासिक म्हणजे काय, तर ज्योत्स्नाच सांगायची, ज्यात तिसऱ्याच प्रकरणात कोणीतरी एक वाक्य तोंडातून काढलं असतं तर पुस्तक तिथंच आटोपलं असतं, पण ते काढत नाहीत! चहा पितात. हवेबद्दल बोलतात. उसासा टाकायला अर्धं पान घेतात. बाहेर जरा सर पडली की आजारी पडतात आणि महिनाभर बरे होत नाहीत. यांचं दळण कोण आणतं? एवढे पांढरे कपडे धुतं कोण? त्यावर लेखक एक अक्षर बोलत नाही. आणि धुकं! पानंच्या पानं नुसतं धुकं! असली पानं आली की ज्योत्स्ना अंगठ्यानं फर्रर्र उलटायची, "पुढं बोला हो!" म्हणायची, आणि पुन्हा येरझाऱ्या. पण सोडवत होती का कादंबरी? छे! ज्योत्स्नाला सोडवेना, आणि बसवेना.

बसमध्ये उभ्यानं वाचायची. सीट रिकामी असली तरी! वाचता वाचता उतरायचा बिटको चौक मागं पडायचा, बाई देवळाली कॅम्पात उतरायच्या, आणि तिथून वाचत वाचत उलट्या बसनं परत. आक्काबाई भाकऱ्या थापत विचारणार, "काय झालं गं आज त्या विमलचं?" कारण नायिकेचं नाव विनिफ्रेड, ते आक्काबाईच्या जिभेवर बसेना, तिनं विमल केलं. आणि कॉर्नेलियसचा कोंडाजी! "बोलला का तो कोंडाजी?" "नाही गं. हवा बरी आहे म्हणाला." "मेला भित्रा!" आणि भाकरी अशी आपटायची तव्यावर, की सावळीराम, बिचारा नोटांच्या प्रेसमधून थकून आलेला, विचारायचा, "माझं काही चुकलं का?"

आणि मग शेवट आला. तो कोंडाजी एकदाचा तोंड उघडतो, विमलला मागणी घालतो... आणि विमल नाही म्हणते! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याला नाही! दूरच्या गावी जाते आणि एकटीनं शाळा काढते. संपलं! ज्योत्स्ना वेडीपिशी झाली. "का? का नाही म्हटलं?" पुस्तक पुन्हा चाळलं, मैत्रिणींना विचारलं. मैत्रिणी म्हणाल्या, "गाईडमध्ये दिलंय की, ड्यूटी." सरांना विचारलं. सर म्हणाले, "दहा मार्कांचा प्रश्न आहे, ड्यूटी लिहा." ड्यूटी? कसली ड्यूटी? तिला काय रात्रपाळी होती? ज्योत्स्नाला बसवेना!

आणि नेमकं त्याच आठवड्यात पाहुणे यायचे ठरले. तिला बघायला!

आता मला सांगा, बघायच्या कार्यक्रमात मुलीचं काम काय? बसणं! खाली मान घालून नुसतं बसणं! आणि आमच्याकडे तर तेच जमत नव्हतं. मुलगा प्रफुल्ल, देवळाली कॅम्पातला, बी. ए. इंग्लिश, बँकेत नुकता लागलेला. सोबत आई, सरुबाई. जय भीम झाला, पोहे झाले, सरुबाईनं विचारलं, "मुलगी उभी का?" आक्काबाई म्हणाली, "तिला सवय आहे." सावळीरामनं विषय बदलावा म्हणून मुलाला विचारलं, "आवड कशाची तुम्हाला?" आणि तो बिचारा, सगळेच सांगतात तसं, सांगून गेला, "वाचनाची." कुठलं? तर नेमकं हेच पुस्तक! त्यालाही बी. ए.ला होतं!

अहो, ज्योत्स्नाचा चेहरा असा उजळला! पदर सावरायचा विसरली, दोन पावलं पुढं, "तुम्ही वाचलंय? मग मला सांगा, विनिफ्रेड नकार का देते?"

प्रफुल्लनं घसा साफ केला, ताठ बसला, आणि पाढे म्हणावेत तसं इंग्रजीत सुरू झाला, "विनिफ्रेड इज नोबल, पेशंट अँड सॅक्रिफायसिंग..."

"हे गाईडमधलं आहे."

नुसती सरुबाईच्या तोंडातली शेव वाजतेय.

"तुम्ही गाईड वाचलंय," ज्योत्स्ना म्हणाली, "पुस्तक नाही." आणि वळली, आत गेली, आणि आतून सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "आई, मला नाही करायचं हे लग्न. उद्या मी काही वाचत असले, तर हा माणूस म्हणेल, थोडक्यात सांग!"

सावळीरामनं डोक्याला हात लावला. अहो, याआधीची दोन स्थळं हिला परीक्षेनंतर शिकू देणार नव्हती म्हणून गेली, हे एक बरं होतं, शिकू दे म्हणणारं, ते गाईडवरून गेलं! सरुबाई उठली. "चल रे." पण प्रफुल्ल उठेना. कान लाल झालेले, पोह्यांच्या बशीकडे बघत बसलेला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "ते पुस्तक जरा देता का?"

दिलं! काय करणार, वाचनासाठी मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? पुस्तक गेलं देवळालीला. आणि इकडे आक्काबाईची रोज टकळी, "गेलं स्थळ, वर पुस्तकही घेऊन गेलं!"

आठवडे गेले. जयंती जवळ आली, चौकात मांडव पडला, स्पीकरवाल्याचं "हॅलो, माईक टेस्टिंग" सुरू झालं. आणि एका संध्याकाळी बघतो तर प्रफुल्ल! न कळवता, एकटा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, बगलेत पुस्तक. आक्काबाई म्हणाली, "अहो, बसा ना." "नको, बसवत नाही," म्हणाला, आणि ज्योत्स्ना दिसल्याबरोबर, "तुमचं ते विनिफ्रेडचं... तुम्ही धुक्याचं प्रकरण नीट वाचलंत?"

आता ज्योत्स्नाची पंचाईत! फर्रर्र उलटलेलं ना ते!

"त्यातच तर आहे सगळं! ती धुक्यात त्याला शोधायला निघते. पुलावर तो उभा असतो, दिसत नाही, पण त्याचा खोकला ऐकू येतो तिला. हाक मारली की झालं. आणि ती हाक मारत नाही, मागे फिरते! नकार तिथंच झाला, शेवटी फक्त तोंडानं सांगितला!"

बाहेर "हॅलो, हॅलो, चेक." आत ज्योत्स्नाच्या तोंडावरचा रंग गेलेला. एवढा मोठा पुलावरचा माणूस आपल्या अंगठ्याखालून निसटला! पण ती कसली ऐकतेय? उसळलीच, "पण मागे का फिरली? तिच्या मावशीच्या आजारपणाचं वाचलंत का?"

"ते... फार रेंगाळलं होतं. ते सोडलं मी."

"सोडलं? मावशी मरताना तिला काय सांगते? म्हणते, मी जन्मभर सगळ्यांना हो म्हणत आले, आणि मला काय हवं होतं ते विचारायला कोणी थांबलंच नाही! ते ऐकून विनिफ्रेड धुक्यात जाते!"

"अरे!" प्रफुल्ल म्हणाला.

"हो ना!" ज्योत्स्ना म्हणाली.

म्हणजे बघा! हिनं धुकं सोडलेलं, यानं मावशी सोडलेली, आणि दोघांचं मिळून एक पुस्तक पुरं झालं! दोघं पुस्तकावर वाकलेले, हा पान दाखवतोय, ती ओळ शोधतेय, आक्काबाई दारात चहा घेऊन ताटकळलेली, "म्हणजे विमलला कोंडाजी आवडतच नव्हता का रे?" आणि दोघं एकदम, "आवडत होता हो, तेच तर!"

थोड्या वेळानं प्रफुल्लनं पुस्तक मिटलं. जरा चाचरत म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात ते बरोबरच होतं. मी थोडक्यातच सांगत आलोय आजवर. आता तुम्हाला काय हवंय, ते विचारायला आलोय."

आणि तुम्हाला सांगतो, ज्योत्स्ना बसली. खुर्चीवर. शांत. म्हणाली, "परीक्षा होऊ दे. मग पीएच.डी. करायची आहे. वेळ लागेल."

"मला वेळ लागतोच," तो म्हणाला. "मी डिक्शनरी घेऊन वाचतो."

सावळीराम कोपऱ्यातून म्हणाला, "हे जमलं म्हणायचं का मोडलं?"

जमलं. परीक्षेनंतर विहारात लग्न लागलं, ज्योत्स्ना देवळालीला गेली, कॉलनी म्हणाली, चला, सुटलो. पण परवा सरुबाई आली होती. आक्काबाईजवळ बसली आणि सुरूच झाली, "विहीणबाई, सून गुणाची आहे, माझी तक्रार नाही. पण काल संध्याकाळी माझी सिरियल लागलेली, एवढ्यात आतून दोघांच्या रडण्याचा आवाज! मी धावले. म्हटलं, कोण गेलं रे? तर प्रफुल्ल डोळे पुसत म्हणतो, आई, रशियातले एक म्हातारे गेले. म्हटलं, आपले कोण? तर सून म्हणते, कोणी नाही हो, पण फार चांगले होते..."

"मग?" आक्काबाईनं विचारलं.

"मग काय करते? शेजारीपाजारी काय म्हणतील? मी मुकाट्यानं टीव्ही बंद केला!"