नळाची घंटी

मी बार्शीटाकळीची. बाबा तहसील हापिसात शिपाई होते. कोणी लय गोड बोललं का ते म्हणत, पोरी, पह्यले पाह्य, हा कावून गोड बोलून राह्यला. तेच माह्या अंगात भिनलं, काय सांगू ताई तुमाले, मी जन्माची संशयी. अमरावतीले कॉम्प्युटर इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरी केली, पोरगी झाली तशी नोकरी सुटली अन् अकोल्यात सासरी आली, सहा वर्षं झाले.

नोकरी त पुन्हा कराचीच होती. पण या कामात हात थांबला का माणूस मांगं पडते. म्हणून पोरगी शाळेत गेली का मी आपली बसो, घरच्यापुरते प्रोग्राम लिहो. आता मशीनच कोड लिहून देते म्हणतात. देते, पण माहा भरोसा नाही, मी एकेक ओळ उसवून पाह्यतो.

अकोल्याचं पाणी तुमाले मालूम हाय, कोणत्या दिवशी येईन, किती वाजता येईन, कोणी सांगत नाही. मी नळाच्या पाइपाले एक छोटा सेन्सर बसवला अन् प्रोग्राम लिहिला, पाणी आलं का माह्या मोबाईलवर घंटी. झालं, गल्लीत माह्ये ड्रम सगळ्याइच्या आधी भरू लागले, अन् बाया माह्याकडं तिरप्या नजरेनं पाहू लागल्या. शेजारची शबानाभाभी, जिचा शीरखुर्मा आमी दर ईदले खातो, तिनं त तोंडावर इचारलं, क्यों बाजी, पानी छोडनेवाले से सेटिंग है क्या. असं झोंबलं मले!

तिले घरात आणून सेन्सर दाखवला, गल्लीतल्या सगळ्याइचे नंबर प्रोग्राममंदी टाकले. पुढच्या बारीले घराघरात घंट्या वाजल्या. मले वाटलं, मिटलं. कायचं मिटते! आता म्हणतात, हिच्या मोबाईलले आपल्या घरचं अजून काय काय समजत असन. राग आला, पण दुसऱ्याचं यंत्र असतं त मीबी हेच म्हटलं असतं.

मांगच्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत झाली, घरूनच, कॉम्प्युटरवर. समोर तरणा साहेब. इतके वर्षं काय केलं, तो म्हणे. मी नळाचा प्रोग्राम दाखवला. वरखाली पाहून म्हणे, मॅडम, हे तुम्हीच लिहिलं का मशीनकडून लिहून घेतलं. घ्या, हा माह्याच जातीचा संशयी निघाला. म्हटलं, इचारा कोणतीबी ओळ. तो इचारत गेला, मी सांगत गेली, ही अट कावून टाकली, त आमच्या नळाले पाण्याआधी नुसती हवा येते, तिनंबी घंटी वाजे, अन् मी रिकामी बादली घेऊन उभी राहो. तेवढ्यात घंटी वाजली. भिंतीपलीकडून भाभी वरडली, बाजी, आ गया! म्हटलं, साहेब, दोन मिनिटं थांबा, पाणी आलं.

वापस आली तवा तो हासत होता. छान काम आहे म्हणे, कळवतो. मले खरं नाही वाटलं, लयच गोड बोलला. तरी आता मोबाईल वाजला का मी धावतो, अन् दर बारीले नळच निघते. ड्रम भरतो, हात पुसतो, अन् पुन्हा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसतो.