दुसरी गोळी

नाही यार, त्या पिस्तुलाचं कौतुक माझ्यासमोर नको. आमच्याच वर्कशॉपमध्ये पास झालंय ते. माल पास करायला बडे पाहुणे येणार, त्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी सायलेन्सर ओढून बघितला.

"अरे, ये तो हिलता है!"

म्हटलं, "सर, हलायलाच हवा. आत बूस्टर आहे, स्प्रिंगचा. सायलेन्सरचं वजन नळीवर लटकलं की गोळी सुटल्यावर नळी नीट मागे येत नाही, पिस्तूल अडकतं. बूस्टर क्षणभर ते वजन नळीवरून उतरवतो, म्हणून पुढची गोळी भरली जाते."

"मेहमानों के सामने हिलता हुआ माल रखोगे? टाइट करवाओ."

झालं. बूस्टर काढून सायलेन्सर घट्ट बसवला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी एक गोळी झाडली. आवाज छान दबलेला. टाळ्या! पिस्तूल तिथेच अडकलं, मला दिसत होतं. साहेबांनी ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"सर, चाय ठंडी हो रही है."

आलमबागच्या बाजारातून समोसे आले होते. खाता खाता माल पास झाला, बिनबूस्टरचाच.

ज्या शिपायाला दुसरी गोळी झाडावी लागेल, त्याला चहाला कुणी बोलावलं नव्हतं.