बासष्ट खाती आणि एक कार्ड

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, आज मुदतीआधी आपला निरोप घेणारे ग्रंथपालसाहेब आणि जमलेल्या वाचकहो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त घेईन.

माझे यजमान इथेच पुस्तकांची बांधणी करायचे. पाच वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा साहेब म्हणाले, "वहिनी, घरात बसू नका. देवघेवीच्या टेबलावर बसा, हाताला येईल ते वाचा." माझं शिक्षण सातवी. वाचत गेले. गेल्या वर्षी ग्रंथालयात एआय मॉडेल आलं, तेव्हाही साहेबांनी मलाच पुढे केलं.

शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "काकू, मॉडेलला नुसतं बोलता येतं, आपलं रजिस्टर दिसत नाही. प्रोटोकॉल म्हणजे ठरलेली रीत. टूल म्हणजे रजिस्टरात एकेक काम करून देणारं अवजार. त्याचं नाव, काम, त्याला लागणारी माहिती त्या रीतीनं लिहिली की मॉडेल ते टूल वापरतं. पण लिहाल तेवढंच त्याला कळतं."

"म्हणजे नव्या सुनेसारखं."

"सून उलटून विचारते तरी, काकू."

पुस्तक शोधण्याचं टूल मी जोडलं. साहेबांनी बजावलं होतं, "खातं बंद करणारं इतक्यात नको." मी तेही जोडलं. का? जमत होतं म्हणून. या वयात काही जमायला लागलं की माणसाला भान राहत नाही. त्यात मी लिहिलं, 'तीन वर्षं पुस्तक न नेलेल्या सभासदाचं खातं बंद करते.' आधी माणसाला विचारायचं, हे लिहिलं नाही. मग मॉडेलला म्हटलं, सभासदांची यादी नीट कर. माझा डबा उघडेपर्यंत काम झालं होतं.

बासष्ट खाती बंद झाली. सगळे जिना न उतरू शकणारे वाचक. त्यांना पुस्तकं घरपोच जातात आणि नोंद जुन्या वहीत होते, रजिस्टरात नाही. सभासदत्व संपल्याची पत्रं त्यांना आपोआप गेली. एका निवृत्त परिचारिकेनं अर्धं वाचलेलं पुस्तक शेजारणीबरोबर परत पाठवलं. आत चिठ्ठी होती, 'मी अजून वाचत होते.' खातं उघडून आम्ही पुस्तक घेऊन गेलो, तेव्हा त्या राहिल्या नव्हत्या.

आणि एक खातं बंद झालं नाही. माझ्या यजमानांचं. दर शनिवारी मी त्यांच्या कार्डावर पुस्तक नेते, त्यांच्या उशाशी ठेवते, पुढच्या शनिवारी परत आणते. मॉडेलच्या लेखी आपले सर्वांत नियमित वाचक तेच.

कार्यकारिणीनं विचारलं, हे टूल कोणी जोडलं? साहेब म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. चार महिने गप्प आहे. अध्यक्षमहोदय, साहेबांनी सांगितलं नव्हतं. नको म्हणून सांगितलं होतं.

हे यजमानांचं कार्ड मी आपल्यासमोर ठेवते. ते आता बंद करावं.

साहेब, तुम्ही मला वाचायला बसवलंत, त्याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. ती बासष्ट खात्यांची चूक मात्र पोटात घालू नका. ती माझ्या नावावर लिहा.