तापीला मारलेली हाक

शिरपूरच्या बसस्थानकात बसची वाट पाहणाऱ्या मेघाशेजारी सुकदेव आबा गेंदाबाईंना तरुणपणीच्या गलबताची गोष्ट सांगत होते.

"तीन दिवस वारा नाही, अक्का. शीड नुसतं लोंबत होतं. प्यायचं पाणी तांब्याभर उरलं."

"मंग?"

"आमच्या म्हाताऱ्या तांडेलानं, गलबताच्या म्होरक्यानं विचारलं, कोणाच्या गावची नदी या समुद्राला मिळते? म्हटलं, माझ्या. तापी."

"आपली तापी?"

"हो. म्हणे, ते गोडं पाणी समुद्रात ओत अन् तिला हाक मार."

"ओतलं?"

"सगळं. अन् मोठ्यानं हाक मारली."

मेघाची बस लागली, पण मेघा जागची उठली नाही.

"मंग वारा उना?"

"उना! उगवतीकडून, ओल्या मातीचा वास घेऊन. शीड टरारून फुगलं, अन् तांडेल माझ्या पाया पडला."

"तुमच्या नाही, आबा." गेंदाबाईंनी हात जोडले. "तापीमाईच्या."