अस्सल रत्नागिरी सॉफ्टवेअर

आमच्या काकांशी वाद घालणं म्हणजे जांभ्या दगडावर डोकं आपटणं. इंटरनेट नसलेल्या शाळांसाठी मी फुकट सॉफ्टवेअरच्या डिस्क बनवून त्यांच्या दुकानात नुसत्या डिस्कच्या किमतीला विकायला ठेवल्या होत्या. काकांनी परस्पर त्यात आपल्या आंब्यांची जाहिरात घुसवली. कव्हरवर नाव मात्र मूळ सॉफ्टवेअरचंच.

"काका, विका खुशाल. पण आत बदल केलात तर मूळ बनवणाऱ्यांचं नाव वापरता येत नाही. शाळांपुढे मान माझी खाली जाईल."

"फुकटच्या वस्तूला कसलं गो नाव?"

"मग कर्नाटकचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून विकला की तुम्ही का भांडता?"

सगळी कव्हरं काकांनी स्वतः फाडली.

संध्याकाळी नवी छापून आणली. वर ठळक अक्षरांत: 'अस्सल रत्नागिरी सॉफ्टवेअर'.