लाल नाव, निळी नाव

ब्याऐंशी साली नाशिकच्या स्टँडवर, इगतपुरी गाडीच्या रांगेत, माझ्यापुढे मामा-भाचे उभे होते.

"मंगळू, हे निळं भेंडोळं कसलं रे?"

"स्टिकर हाय, मामा. धरणातल्या आपल्या नावेचा लाल पट्टा निळा करायचाय. मागं आणलं ते एकाच बाजूला पुरलं."

"मग राहू दे की तसंच!"

"तसंच ठेवलं व्हतं. मला बघितलेल्या पोरीच्या बापानं काठावरनं नाव जाताना निळी बघितली, परत येताना लाल. दोन नावांचा मालक समजून लग्नाला हो म्हणाला."

"लय भारी! मग आता दुसरी बाजू कशाला झाकतोस?"

"साखरपुड्याला दोन्ही नावा शेजारी-शेजारी बघायच्या म्हणतोय. लाल बुडाली म्हणून सांगतो."

"मग नीट चिकटव बाबा. भर साखरपुड्यात बुडालेली वर यायची!"